टेक-ऑफच्या धावेत आलेला वाऱ्याचा झोत: हलक्या जायरोप्लेनच्या एका अपघाताचा अभ्यास

जायरोप्लेन, म्हणजे पंखांऐवजी डोक्यावर वाऱ्यानंच फिरणारा पात्यांचा रोटर असलेलं छोटं विमान, वाऱ्याला दाद देत नाही, असं ते उडवणारे ठामपणे सांगतात आणि त्यात तथ्य आहे. ज्या दुपारी हलकी पंखवाली विमानं हेलकावे खात असतात, त्याच दुपारी जायरोप्लेन बरंच स्थिर चालतं. पूर्ण वेगानं फिरणारी अरुंद पाती झोताचा धक्का बराचसा पचवतात, आणि लांबरुंद पंखांसारखा मोठा पृष्ठभाग वाऱ्याच्या तावडीत सापडत नाही.

मात्र हे सगळं हवेत असलेल्या, रोटर पूर्ण वेगानं फिरत असलेल्या जायरोप्लेनबद्दल खरं आहे. धावपट्टीवर, रोटर अजून वेग घेत असताना, तेच यंत्र झोताला सगळ्यात सहज बळी पडतं. नव्या वैमानिकाच्या मनात या दोन अवस्थांची सरमिसळ होते, आणि या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे असं माझं मत आहे.

ब्रिटनमध्ये हवाई अपघातांचा तपास करणारी सरकारी शाखा, म्हणजे एएआयबी, नियमित बुलेटिन काढते. दोष कुणाचा हे ठरवणं तिचं काम नाही. पुढचा अपघात टळावा एवढाच तिचा हेतू असतो. हलक्या जायरोप्लेनच्या किरकोळ दुखापतीच्या अपघातांत बऱ्याचदा वैमानिकानं स्वतः भरून दिलेल्या फॉर्मवरूनच अहवाल तयार होतो. ‘यंत्र अपेक्षेपेक्षा लवकर उचललं गेलं’, ‘नाक एकदम वर गेलं’, ‘कलंडलं आणि रोटर जमिनीला लागला’ या आशयाची वाक्यं त्यांत वारंवार भेटतात. इथे मांडलेलं प्रकरण कुणा एका वैमानिकाचं नाही. अशा अहवालांत पुन्हा पुन्हा दिसणारा घटनाक्रम एकत्र करून, त्या वर्गाच्या यंत्राला लागू पडतील असे आकडे घेऊन ते उभं केलं आहे, म्हणजे एकेका सेकंदाचा हिशेब नीट मांडता येईल.

यंत्र, माणूस, हवा

यंत्र दोन आसनांचं, एकामागे एक बसायची सोय असलेलं, उघड्या कॉकपिटचं. मागे १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन आणि ढकलणारा प्रोपेलर. डोक्यावर ८.४ मीटर व्यासाचा दोन पात्यांचा रोटर. पूर्ण भार ४५० किलो. उड्डाणात रोटरला इंजिन फिरवत नाही. खालून वर येणारी हवा त्याला फिरवते. जमिनीवर मात्र सुरुवातीची गती द्यायला प्री-रोटेटर असतो. तो इंजिनची ताकद थोडा वेळ रोटरला जोडतो आणि पाती मिनिटाला साधारण २०० फेऱ्यांपर्यंत नेतो. उड्डाणात हाच वेग ३५०च्या आसपास असतो. मधली दीडशे फेऱ्यांची वाढ धावपट्टीवर पळता पळता, वाऱ्याच्याच जोरावर मिळवायची असते.

वैमानिक पन्नाशीतला, त्याच वसंतात परवाना मिळालेला. शिकताना जवळजवळ सगळी उड्डाणं मागे इन्स्ट्रक्टरला बसवून केलेली. त्या दिवशी तो एकटा होता आणि टाकीत पेट्रोल अर्धं होतं. म्हणजे यंत्राचं वजन ३५५ किलोंच्या घरात, हाताला सवय असलेल्या वजनापेक्षा सुमारे ९५ किलोंनी कमी.

सकाळी थंड हवेचा पट्टा सरकून गेला होता. त्यामागून इंग्लंडात नेहमी येतं तसं हवामान आलं: स्वच्छ ऊन, कापसाचे ढग, लांबवर पावसाची सर आणि वायव्येचा झोतदार वारा. छोट्या विमानतळांवर हवामानाची अधिकृत नोंद होत नाही, म्हणून त्यानं जवळच्या मोठ्या विमानतळाचा आकडा पाहिला: ३०० अंशांवरून १४ नॉट, झोत २४ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). धावपट्टी ३३, म्हणजे ३३० अंशांच्या दिशेची, म्हणून वारा डावीकडून तीस अंशांनी तिरका. त्यानं हिशेब केला. सरासरी वाऱ्यात आडवा घटक ७ नॉट, झोतात १२. त्याच्या यंत्राची आडव्या वाऱ्याची मर्यादा यापेक्षा बरीच वर होती. हिशेब बरोबर होता, आकडे मर्यादेत होते, आणि तो निघाला.

जवळच्या विमानतळाच्या आकड्यात एक गोष्ट येणं शक्यच नव्हतं. या धावपट्टीच्या डाव्या बाजूला, सुरुवातीच्या भागात, बारा मीटर उंचीची झाडांची रांग होती आणि ती धावपट्टीपासून शंभर-सव्वाशे मीटरांवर होती. झाडांच्या रांगेचा आडोसा आणि तिच्यामागची घुसळलेली हवा उंचीच्या दहापट अंतरापर्यंत सहज पोचते, कधी त्याहूनही पुढे. थोडक्यात, धावपट्टीचा पहिला भाग आडोशात होता आणि पुढचा भाग उघड्यावर.

त्या वीस सेकंदांत काय झालं

प्री-रोटेटरनं रोटर २०० फेऱ्यांवर आला. वैमानिकानं स्टिक, म्हणजे रोटर झुकवणारा दांडा, पूर्ण मागे ओढली, ब्रेक सोडला आणि थ्रॉटल हळूहळू पुढे नेला. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे.

स्टिक मागे ओढल्यानं रोटरची तबकडी, म्हणजे फिरत्या पात्यांनी बनणारं वर्तुळ, मागे झुकते, समोरची हवा तिच्या खालून वर घुसते आणि पाती वेग घेतात. रोटरचा वेग वाढला की नाक आपोआप उचलू लागतं. तो क्षण ओळखून स्टिक पुढे आणायची, पुढचं चाक जमिनीपासून जेमतेम वर ठेवायचं आणि मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळत वेग घेत राहायचं. जायरोप्लेनच्या टेक-ऑफमधलं खरं कसब या तोलात आहे. यंत्र मग तयार झाल्यावर स्वतःहून जमीन सोडतं.

आडोशात समोरचा वारा जेमतेम ८ नॉट होता. यंत्र जमिनीवर २० नॉटनं पळत होतं, म्हणजे रोटरला मिळणारा हवेचा वेग २८ नॉट. पुढचं चाक नुकतंच हलकं व्हायला लागलं होतं. स्टिक अजून जवळजवळ पूर्ण मागे होती. अजून दोन-तीन सेकंदांनी ती पुढे यायची होती. तेवढ्यात झाडांची रांग संपली आणि २४ नॉटचा झोत आला. त्याचा समोरचा घटक २१ नॉट. जमिनीवरचा वेग तोच राहिला, पण हवेचा वेग दोन सेकंदांत २८वरून ४१ नॉटवर गेला. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा तो एका झटक्यात दुपटीच्या वर गेला. तबकडी मागे झुकलेली, यंत्र नेहमीपेक्षा हलकं. नाक वीसेक अंश वर गेलं आणि चाकांनी जमीन सोडली.

तीन मीटरांवर असताना झोत ओसरला. हवेचा वेग ३० नॉटच्या आसपास आला. नाक मात्र वरच राहिलं. यंत्र उजवीकडे सरकू लागलं आणि थोडं कललंही. वैमानिकानं स्टिक डावीकडे घेतली, हे बरोबर होतं. त्याच वेळी ‘आता टेक-ऑफ सोडून द्यावा’ असं ठरवून त्यानं थ्रॉटल पूर्ण बंद केला. तीन मीटरांवरून यंत्र खाली बसू लागलं, नाक फिरलं, ते सरळ करायला त्यानं डावं पेडल दाबलं. उजवं चाक आधी टेकलं, पाठोपाठ पुढचं चाक, तेही पेडलसोबत डावीकडे वळलेलं. यंत्र उजव्या कुशीवर कलंडलं आणि रोटरचं टोक डांबराला भिडलं.

तो खरचटण्यावर आणि खांदा मुरगळण्यावर निभावला. हेल्मेट होतं, पट्टे घट्ट होते, आणि रोटर पूर्ण थांबेपर्यंत तो जागचा हलला नाही. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. कलंडलेल्या यंत्रातून घाईनं बाहेर पडणाऱ्याला फिरतं पातं गाठू शकतं. दोन्ही पाती मिळून ३० किलोंची धरली आणि मिनिटाला ३०० फेऱ्या धरल्या, तर रोटरमध्ये साठलेली ऊर्जा सुमारे ८७ किलोज्यूल भरते. ४५० किलोंचं अख्खं यंत्र ताशी ७० किलोमीटरनं पळत असताना त्यात जेवढी ऊर्जा असते, साधारण तेवढी. ती सगळी टोक जमिनीला लागल्यावर काही क्षणांत रोटरहेड (पाती जिथे जोडलेली असतात तो भाग), मास्ट (रोटर पेलणारा खांब) आणि सांगाड्यात शिरते. अशा अपघातात पाती वाकतात, शेपटी आणि प्रोपेलर तुटतो, आणि बाहेरून धड दिसणारे भागही उघडून तपासल्याशिवाय वापरता येत नाहीत.

झोतानं नेमकं काय बिघडवलं

या प्रश्नाची मुळं शंभर वर्षं मागे आहेत. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वानं १९२० पासून केलेली पहिली यंत्रं धड उडालीच नाहीत. जमीन सोडायच्या बेतात ती एका बाजूला कलंडायची. कारण साधं होतं. पुढे जाणाऱ्या यंत्रात एका बाजूचं पातं वाऱ्याच्या दिशेनं धावतं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्यासोबत मागे जातं. पहिल्याला जास्त हवा, दुसऱ्याला कमी. पाती घट्ट जखडलेली असतील तर एक बाजू उचलते आणि यंत्र उलटतं. सिएर्वानं पात्यांच्या मुळाशी बिजागरी बसवली, म्हणजे जास्त उचल मिळणारं पातं वर जाऊन ती उचल स्वतःच कमी करतं. त्याचं सी-४ हे यंत्र जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या हेताफेला आलेहांद्रो गोमेस स्पेन्सर यांनी उडवलं आणि तिथून ऑटोजायरो, म्हणजे जायरोप्लेनच, खऱ्या अर्थानं सुरू झालं.

आजच्या दोन पात्यांच्या रोटरमध्ये त्या बिजागरीचं काम मधल्या आसावर डुलणारा हब, म्हणजे दोन्ही पाती जोडणारा मधला भाग, करतो. एक पातं वर गेलं की दुसरं खाली जातं. मात्र फिरत्या वस्तूचा एक स्वभाव आहे: धक्का जिथे बसतो तिथे ती झुकत नाही, पाव फेरी पुढे झुकते. उजवीकडच्या, वाऱ्यात धावणाऱ्या पात्याला जादा उचल मिळाली की ते पाव फेरीनंतर, म्हणजे नाकाच्या दिशेला, सगळ्यात वर असतं. परिणामी अख्खी तबकडी वाऱ्यापासून दूर, मागे झुकते. झोत जेवढा जोराचा, तेवढं हे मागे झुकणं जास्त. उघडी छत्री घेऊन कोपऱ्यावरून वळताच समोरून वारा आला की हात मागे ओढला जातो, तसाच हा ओढा. या प्रकरणात वारा डावीकडून तिरका होता, म्हणून तबकडी मागे आणि थोडी उजवीकडे झुकली. नाक का वर गेलं आणि यंत्र उजवीकडे का सरकलं, या दोन्हींचं उत्तर एकच आहे. वैमानिकानं स्टिक हलवली नव्हती. तबकडी मात्र हलली होती.

दुसरी गोष्ट रोटरच्या वेगाची. झोत आला की उचल लगेच वाढते, फेऱ्या मात्र सावकाश वाढतात, कारण ३० किलोंची पाती एका सेकंदात वेग घेत नाहीत. उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात चालते. २०० फेऱ्यांवर ती ३५०च्या तुलनेत, बाकी सगळं सारखं असताना, एक तृतीयांशाच्या आत असते, आणि ३००वरही पाऊणपटीहून कमी. म्हणजे या यंत्राला जमिनीवरून उचलणारी उचल नुसत्या फेऱ्यांमधून आलेली नव्हती, तिचा बराच भाग झुकलेल्या तबकडीतून आणि झोतातून आला होता. झोत ओसरताच तो गेला. अशा उचलीवर विसंबून तीन मीटरांवर असणं हीच खरी अडचण, मग वैमानिक कितीही चांगला असो.

तिसरी बाजू पॉवरची. या वर्गाच्या जायरोप्लेनला सगळ्यात कमी ताकदीत सपाट उडायला ताशी ४५ ते ५० मैल वेग लागतो. वेग त्याहून कमी झाला तर ताकद कमी नाही, जास्त लागते. झोत ओसरल्यावर ३० नॉट, म्हणजे ताशी ३५ मैलांच्या आत, नाक वर आणि थ्रॉटल बंद: खाली बसण्याशिवाय दुसरं काही घडूच शकत नव्हतं.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी. अहवाल वाचताना ‘झोत’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या अपघातांना लावला जातो. या प्रकरणात रोटर २९०-३०० फेऱ्यांपर्यंत पोचलेला होता आणि पाती व्यवस्थित डुलत होती. रोटर अजून २१०वर असतानाच झोतानं हवेचा वेग ४१ नॉटवर नेला असता तर गोष्ट निराळी झाली असती. २१० फेऱ्यांवर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ९२ मीटर. ४१ नॉट म्हणजे सेकंदाला २१ मीटर. मागे जाणाऱ्या पात्याच्या मुळाकडच्या जवळजवळ पाव लांबीवर हवा उलट्या बाजूनं वाहू लागते, आणि उरलेल्या भागाचा बराचसा तुकडा पुरेशी उचल देऊ शकत नाही. पातं इतकं डुलतं की हब त्याच्या थांब्यांवर आपटायला लागतो, स्टिक हातात जोरजोरात हिसके देते, आणि पातं शेपटीला किंवा प्रोपेलरला लागू शकतं. याला ब्लेड फ्लॅप म्हणतात. उपाय एकच: स्टिक पुढे, थ्रॉटल बंद, आणि तेही ताबडतोब. अमेरिकन इगोर बेन्सनच्या १९५०च्या दशकातल्या छोट्या जायरोकॉप्टरमध्ये (हेही जायरोप्लेनचंच नाव) पाती हातानं फिरवून मग धावत वेग द्यावा लागे. तेव्हापासून ही भीती शिकवण्याचा भाग आहे.

दोन्ही अपघात झोतानंच होतात, पण हाताळणी अगदी उलट आहे. जमिनीवर ब्लेड फ्लॅप सुरू झाला तर थ्रॉटल बंद करणं वाचवतं. तीन मीटरांवर अकाली उचललं गेलेलं असताना थ्रॉटल बंद करणं बुडवतं. नव्या वैमानिकाच्या हातात पहिली क्रिया घोटून बसवलेली असते. संकटात हात तीच करतो. या वैमानिकाच्या चुकीकडे मी म्हणूनच ‘घाबरला’ एवढ्या शब्दात पाहू शकत नाही. त्याच्या हातानं शिकलेली गोष्ट केली, फक्त ती दुसऱ्या परिस्थितीसाठी शिकलेली होती.

थ्रॉटल, रडर आणि पुढचं चाक

मागून ढकलणाऱ्या प्रोपेलरचा वारा थेट रडरवर, म्हणजे पेडलनं हलणाऱ्या शेपटीवरच्या सुकाणूवर, पडतो. पूर्ण ताकदीवर, अगदी कमी वेगातही, पेडल जिवंत असतात. थ्रॉटल बंद केला की तो वारा थांबतो आणि ३० नॉटच्या हवेत रडर जवळजवळ निर्जीव होतं. शिवाय पूर्ण ताकदीवर नाक सरळ ठेवायला पेडलवर जो दाब धरलेला असतो, त्याची गरज क्षणात संपते. ताकद अचानक काढली की यंत्र एका बाजूला फिरतं, आणि ते फिरणं थांबवायला लागणारं रडर त्याच क्षणी हातातून गेलेलं असतं. वैमानिक मग पेडल आणखी दाबतो.

या वर्गातल्या बऱ्याच यंत्रांत पुढचं चाक पेडलला थेट जोडलेलं असतं. हवेत दाबलेलं पेडल म्हणजे वळवलेलं चाक. यंत्र उजवीकडे सरकत असताना डावीकडे वळलेलं चाक जमिनीला टेकलं, की ते यंत्राला डावीकडे ओढतं आणि वरचं वजन उजवीकडे जातं. जायरोप्लेनमध्ये वरचं वजन थोडं नसतं: मास्ट, रोटरहेड, पाती, आणि इंजिनही बरंच वर. चाकांमधलं अंतर मात्र थोडं. कलंडायला फार तिरपं व्हावं लागत नाही. माझ्या मते यंत्र उलटलं ते याच क्षणी. झोतानं उचललं, पण उलटवलं नाही. उचलणं आणि उलटणं यांच्यामध्ये चार-पाच सेकंद होते आणि त्यात सुटकेचा रस्ता मोकळा होता.

तो रस्ता असा: ताकद पूर्ण ठेवायची. नाक हळूहळू, झटका न देता खाली आणायचं, यंत्र जमिनीपासून मीटर-दोन मीटरांवर सपाट करायचं. सरकणं थांबवायला स्टिक वाऱ्याकडे. नाक स्वतःहून वाऱ्याकडे वळत असेल तर वळू द्यायचं. जमिनीलगत रोटरला थोडी जादा मदत मिळते, तिथेच ताशी साठ मैल येईपर्यंत थांबायचं आणि मग चढायचं. स्टिक झटक्यानं पुढे ढकलणं मात्र धोक्याचं, कारण रोटरवरचा भार एकदम गेला की त्याच्या फेऱ्या पडतात आणि ताबाही जातो. टेक-ऑफ सोडायचाच असेल तर आधी यंत्र सपाट, नाक धावपट्टीच्या दिशेला, आणि मग ताकद थोडी थोडी कमी करत, पेडल मधोमध आणून टेकायचं.

हे लिहायला सोपं आहे. तीन मीटरांवर, नाक वर असताना, ताकद चालू ठेवून नाक खाली करणं शरीराला पटत नाही, जमीन जवळ दिसत असते. म्हणून ते सांगून येत नाही, इन्स्ट्रक्टर मागे असताना, बेताच्या वाऱ्यात, पुन्हा पुन्हा करून यावं लागतं. परवान्याआधी प्रत्येकाला ‘अकाली उचल’ मुद्दाम दाखवली पाहिजे, असं मला आग्रहानं वाटतं. शांत सकाळी शिकलेल्या माणसाला तिची ओळखच होत नाही.

एकट्याचं वजन

मागचं आसन रिकामं असलं की यंत्र पाचवा हिस्सा हलकं होतं. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे चालते असं ढोबळमानानं धरलं, तर जमीन सोडायचा वेग दहा टक्क्यांनी खाली येतो. पण वेगच खाली येतो असं नाही. वेग येण्याचा दरही वाढतो, नाक लवकर उचलतं, आणि स्टिक पुढे आणायची वेळ सवयीपेक्षा दोन सेकंद आधी येते. दोघांच्या वजनावर बसवलेली लय एकट्यानं उडताना दर टेक-ऑफला उशिरा पडते. शांत हवेत त्याची किंमत म्हणजे थोडं घाईचं उड्डाण. झोतात तीच दोन सेकंदं या प्रकरणात महाग पडली.

अशा अपघातांकडे ‘वारा जास्त होता, जायला नको होतं’ एवढ्यावर पाहणं मला अपुरं वाटतं. त्या दिवशी त्याच विमानतळावरून अनुभवी वैमानिक उडू शकले असते, आणि जायरोप्लेन त्याहून जोराच्या वाऱ्यात सुरक्षित उडतं. मर्यादा वाऱ्याच्या एका आकड्यात नव्हती. आडव्या वाऱ्याचा पुस्तकातला आकडा बहुधा चाचणी वैमानिकानं दाखवून दिलेला असतो. त्यात झाडांची रांग नसते, पंधरा दिवस न उडलेला हातही नसतो. त्यानं ७ आणि १२ नॉटचे हिशेब केले, ते आडव्या घटकाचे. धोका समोरच्या घटकात होता: १२ आणि २१ मधला ९ नॉटचा फरक, आणि आडोशामुळे प्रत्यक्षात १३ नॉटचा. समोरचा वारा चांगला, आडवा वाईट, असं आपण शिकतो. वारा एकसारखा असेल तर ते बरोबर आहे. झोताच्या बाबतीत समोरून येणारी वाढच यंत्राला वेळेआधी उचलते.

हे भारतात लिहायचं कारण आहे. २०२३ च्या अखेरीस हरिद्वारला जायरोकॉप्टरच्या चाचणी उड्डाणांची बातमी आली, पर्यटनासाठी त्याचा वापर करायचा विचार पुढे आला. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर मार्च ते मे दुपारचा वारा कसा असतो हे शेतात उभं राहिलेल्या कुणालाही माहीत आहे: पाच मिनिटं पान हलत नाही आणि मग कुठून तरी वावटळ येते. वळवाच्या ढगाखालून सुटणारा वारा तर दहा-वीस किलोमीटर पुढे धावत येतो, पावसाचा थेंब नसताना. उत्तराखंडच्या दऱ्यांमध्ये दुपारी चढणारा वारा निराळाच. इंग्लंडातला झोत निदान आकड्यात येतो. आपल्याकडच्या दुपारी तो बऱ्याचदा आकड्यात येतच नाही, म्हणून सकाळची वेळ हा इथे आवडीचा नव्हे, सुरक्षिततेचा भाग ठरतो.

या वैमानिकाला निघण्यापूर्वी काय करता आलं असतं, याचं उत्तर फार साधं आहे आणि त्याला कुठलंही उपकरण लागत नाही. हवामानाच्या अहवालात झोत लिहिला जातो तो शेवटच्या दहा मिनिटांत वाऱ्यानं सरासरीपेक्षा १० नॉट किंवा जास्त उसळी घेतली असेल तेव्हा. म्हणजे यंत्राजवळ उभं राहून, इंजिन बंद ठेवून, दहा मिनिटं विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा आणि जोर दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघितलं तर तोच हिशेब स्वतःच्या धावपट्टीपुरता मिळतो: किती वेळा तो खाली पडतो, किती वेळा ताठ होतो, कुठल्या दिशेला वळतो, दोन उसळ्यांमध्ये किती वेळ जातो. सोबत झाडांचे शेंडे आणि धावपट्टीच्या पुढच्या टोकाचं गवत. दोन्हीकडे वारा एकाच वेळी वाढत नसेल, तर मध्ये कुठेतरी आडोशाची कड आहे आणि धाव तिथून जाणार आहे. मग धाव कडेच्या पुढून, उघड्यावरून सुरू करता येते, धावपट्टी पुरत असेल तर. रोटर २००ऐवजी, पुस्तक परवानगी देत असेल तिथपर्यंत, आणखी वर नेता येतो. स्टिक आधी पुढे आणायचं मनाशी पक्कं करता येतं, कारण आज मागचं आसन रिकामं आहे. आणि त्या दहा मिनिटांत विंडसॉक तीन वेळा पडून तीन वेळा ताठ झाला, तर यंत्र पुन्हा हँगरमध्ये लावून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, परत बघता येतं.